दसरा काढताना गब्दू हत्तीचं काय करायचं

घटस्थापनेच्या आधी आमच्या लातुरात घरोघरी दसरा काढतात. वाकळा, अभ्रे, पडदे, झाडून सगळं कापड धुऊन वाळवायचं. मोठ्या होत चाललेल्या लेकरांच्या मऊ खेळण्यांचा निकाल लावायचा तर तो याच आठवड्यात. पाऊस नुकताच सरलेला असतो, बोअरला पाणी असतं आणि ऊन असं की सकाळी टाकलेली वाकळ संध्याकाळी कडक. सुट्टी आहे म्हणून मे महिन्यात हे काम काढलंत तर खेळणी साबणात आणि तुम्ही टँकरची वाट बघत.

माझा धंदा ब्लाउज शिवायचा, फॉल-पिकोचा. त्यामुळं कापड, कापूस, शिवण यातलं मला कळतं. लेकराच्या मनातलं कळायला मात्र एक चूक करावी लागली. लेक चार वर्षांची होती. तिच्या कुत्र्याच्या, म्हणजे भुभूच्या, पोटातून चिंध्या बाहेर आल्या होत्या. तिला न सांगता मी तो भंगारवाल्याच्या पोत्यात टाकला. वाटलं, विसरेल. आठ दिवस ती दिवाणाखाली वाकून बघत राहिली. मग शोधणं थांबलं, पण झोपायच्या आधी पाण्याची बाटली, दप्तर आणि चपला उशाशी आणून ठेवायला लागली. चपला! सासूबाई रागावल्या, मी गप्प. तेव्हापासून आमच्या घरात लेकराचं खेळणं लेकराच्याच हातानं बाहेर जातं.

लेक आता सहावीत आहे. परवा आम्ही सगळा ढीग चटईवर ओतला, तेवीस नग निघाले. ‘हे ठेवायचं का टाकायचं?’ असं विचारू नका. लेकरू सगळंच छातीशी धरतं, नाहीतर मोठेपणाच्या तोऱ्यात सगळंच टाक म्हणतं आणि रात्री रडतं. ‘ह्याचं नाव काय?’ एवढंच विचारा. तेवीसपैकी सहांना नावं निघाली. बाकीची वाढदिवसाला कुणीतरी आणलेली, नाहीतर सिद्धेश्वरच्या यात्रेत फुगे फोडून जिंकलेली. बिननावाची बाजूला ठेवताना तिला काहीच वाटलं नाही. नाववाल्यांना वादच नको, त्यांच्यासाठी एक पत्र्याची पेटी ठरवून द्या. पेटीत मावतील तेवढे राहतील. पेटी छोटी पडली तर कोण बाहेर, ते तिनं ठरवायचं. एक-दोघांवर अडून बसली तर ते पुढच्या दसऱ्यावर ढकला, घाई नाही.

आता धुणं. आधी शिवण बघा. उसवलेलं तसंच पाण्यात टाकलं तर बादलीभर कापूस होतो. गाणी म्हणणाऱ्या खेळण्याच्या पाठीची शिवण उकलून डबी काढून घ्या. त्यातला बटणासारखा सेल लहान लेकरानं गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, म्हणून तो लगेच उंचावर ठेवा. मग एकेक खेळणं जुन्या अभ्र्यात घालून तोंड बांधा आणि साध्या पावडरच्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. दाबून धुवा. पिळू नका, आतला फायबर गोळा होऊन हत्तीचं पोट पाठीला जातं. नंतर टॉवेलमध्ये गुंडाळून त्यावर बसा. हो, बसाच, निम्मं पाणी तिथंच जातं. शेवटचं खळबळलेलं पाणी संडासाला ठेवा. आमच्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, ते असं गटारीत सोडवत नाही.

जत्रेतल्या स्वस्त खेळण्यात पुष्कळदा शिंप्याकडची कतरण भरलेली असते. ती आतून वाळत नाही आणि चौथ्या दिवशी वास मारते. असल्या खेळण्याची पाठ उसवून भरण काढा, नुसतं कातडं धुवा, वाळलं की नवा फायबर भरून आतल्या टाक्यानं शिवा. वाळत घालताना कानाला चिमटा लावू नका, कान लांबतो. जाळीच्या खाटेवर टाका आणि दुपारी पालथं करा. वरून कोरडं लागलं तरी पोट दाबून नाकाशी धरा. ओलसर वास आला तर आणखी एक दिवस ऊन.

लेकराला दमा असेल, सकाळी उठल्या उठल्या शिंकत असेल, तर धुळीतल्या बारीक किड्यांचा बंदोबस्त करावा लागतो. कापडाला सोसत असेल तर साठ अंशाच्या पाण्यात धुवा. सोसत नसेल तर पिशवीत बांधून चोवीस तास फ्रीजरमध्ये ठेवा आणि मग धुवा, कारण मेलेल्या किड्यांची घाण आतच राहते. घरात सांगून ठेवा मात्र. आमच्याकडं मामंजींनी बर्फासाठी फ्रीजर उघडला आणि समोर डोळे वटारलेलं माकड. त्यांनी त्या दिवशी सरबत घेतलं नाही.

बिननावाची खेळणी द्यायची कुठं? दवाखान्यात बहुतेक नको म्हणतात, वापरलेल्या मऊ खेळण्यांतून संसर्गाची भीती असते. अंगणवाडीतल्या ताईंना आधी विचारलं तर त्या म्हणाल्या, ‘एकसारखी चार असतील तर आणा, नाहीतर मी दिवसभर भांडणंच सोडवीन.’ तीन वर्षांच्या आतल्या लेकराला देणार असाल तर प्लॅस्टिकचे डोळे, नाक, मणी ओढून बघण्यात वेळ घालवू नका. कापून टाका आणि काळ्या दोऱ्यानं डोळे भरा. खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं ते १ जानेवारी २०२१ पासून; आपल्या ढिगातली निम्मी त्याच्या आधीची असतात.

दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. माझ्या माहेरी फडाजवळ त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. गेल्या वर्षी मी तिथं धुतलेल्या खेळण्यांची मोठी पिशवी घेऊन गेले. एका बाईनं पिशवी पुरती खाली केली, एकेक उलटंपालटं करून बघितलं आणि मुठीएवढं, हाताला वेल्क्रो असलेलं माकड तेवढं उचललं. ‘हे झोळीच्या दोरीला अडकंल. बाकीचं कुठं ठिवू, बाई? बिऱ्हाडच ट्रॅक्टरात असतंय.’ माकड लगेच झोळीला लटकलं. उरलेली पिशवी मी परत आणली. म्हणून आधी विचारा, नाहीतर तुमचा पसारा दुसऱ्याच्या दारात जातो.

जे फाटून, कुजून गेलंय ते कुणालाच देऊ नका. चुलीत, बंबात तर घालूच नका. बहुतेक सगळं पॉलिस्टर असतं, वितळून चिकटतं आणि धूर छातीत बसतो. चांगला फायबर काढून लोडात भरा. एका सशाचा एवढा एक कान धड होता, तो लेकीनं सांगितलं तिथं नव्या वाकळेच्या कोपऱ्यात शिवला. झोपताना तो कोपरा आपल्याकडं आला पाहिजे म्हणून आता दोघा भावंडांची ओढाओढ असते.

पेटीत ठेवताना प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका, जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळा. डांबरगोळ्या नकोत, लेकरं ही खेळणी तोंडाशी धरतात आणि त्या गोळ्या विषारी असतात. कडुलिंबाचा वाळलेला पाला कापडी पुरचुंडीत बांधून टाका. उंदीर शिरणार नाही असं झाकण हवं.

सगळ्यात शेवटी पेटीत गब्दू गेला, लेकीचा हत्ती. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा ती रांगत होती आणि गब्दूचा कान चोखायची. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात खेळणं धुणं हा विचारसुद्धा कुणाला सुचला नसता. कान काळा पडला तो पडलाच, या वेळच्या तीन पाण्यांतही निघाला नाही. मी म्हटलं, कान बदलून देऊ का? तिनं गब्दू माझ्या हातातून काढून घेतला, स्वतः गुंडाळला आणि वर चिठ्ठी टाचली. चिठ्ठीवर नाव, साल आणि खाली एक ओळ: ‘मला विचारल्याशिवाय पेटी उघडू नये. आईने पण.’