ग्रामसभेत बोलाचं असन तर आधी हे करा

पाच वर्षातून एकदा बटन दाबाचं अन मंग पाच वर्ष पारावर बसून शिव्या घालाच्या, लोकशाही एवढीच होऊन राहिली आपल्याकडं. आमदार काही रोज भेटत नाई पण सरपंच रोज समोरून गाडीवर जाते, तर तिथून सुरू करा.

वर्षात कमीत कमी चार ग्रामसभा घ्याच लागतात, बहुतेक गावात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट अन २ ऑक्टोबरच्या आगंमागं. कोरम म्हणजे सभेले लागणारी कमीत कमी हजेरी, १५ टक्के मतदार नाईतर १०० जण, जे कमी असन ते. गोम इथंच आहे भाऊ. कोरम नाई भरला तं सभा तहकूब, अन तहकूब सभेले कोरमच लागत नाई! मंग आठ टाळके बसतात अन अख्ख्या गावाच्या नावानं ठराव पास. म्हणून पहिलं काम, आपल्या गल्लीतले पंधरा-वीस लोक घेऊन जा, सोयाबीन काढणी चालू असली तरी.

माझंच सांगतो. शेतात जाणाऱ्या पांदण रस्त्यासाठी मी अर्धा तास तावातावानं बोललो, सगळ्यायनं माना डोलावल्या, सरपंच पण म्हणे करून टाकू. पावसाळ्यात बंडी अर्ध्या चाकापर्यंत फसली तवा प्रोसिडिंग, म्हणजे सभेत काय झालं ते लिहाची वही, काढून पाह्यलं तं "विविध विषयांवर चर्चा झाली" एवढीच ओळ, अन खाली माझीच सही. ती मी चहा पिता पिता कोऱ्या पानावर करून बसलो होतो.

तवापासून विषय आधी लेखी देतो, दोन प्रती, एकीवर आवक नंबर अन शिक्का घेतो. सभेत म्हणाचं, लिहा अन वाचून दाखवा. सूचक कोण, अनुमोदक कोण, ठराव नंबर किती, हे ऐकल्यावरच सही.

"निधी नाई" हे उत्तर येतेच. केंद्राकडून गावाले येणाऱ्या वित्त आयोगाच्या पैशातला मोठा वाटा पाणी अन स्वच्छतेसाठीच बांधलेला असते (१५ व्या आयोगात, २०२१ ते २०२६, ६० टक्के), त्यातून पांदण होत नाई, इथं सरपंच खोटं बोलत नाई. भांडाचं ते उरलेल्या मोकळ्या पैशावर, अन गावाच्या विकास आराखड्यात काय लिहिलं ते ई-ग्रामस्वराज या सरकारी वेबसाइटवर मोबाईलातच दिसते. बाई सरपंच असन अन उत्तर नवरा देऊन राहिला तं सरळ म्हणा, भाऊ तुमी थांबा, ताई बोलतीन.

काही जण म्हणतात आपल्या लोकायच्यानं हे होत नाई. गडचिरोलीतलं मेंढा पाहा, तिथं बहुमत नाई, सगळे हो म्हणतीन तवाच ठराव, अन सभेच्या आधी अभ्यास गटात बसून विषय समजून घेतात. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवले त्यायनं.

प्रोसिडिंगची नक्कल कोणी देत नसन तं माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयाचं कोर्ट फी तिकीट, ३० दिवसाची मुदत. पोच मात्र पत्र्याच्या पेटीत ठेवा, माझी पहिली उंदरानं खाल्ली.