फराळाच्या ऑर्डरी घेण्याआधी

दिवाळीच्या फराळाची पहिली ऑर्डर घेण्याआधी दीड महिना तरी कागदपत्रांना हात घाला. एकटीने करा नाहीतर बचत गटातून, विकायचा फराळ म्हटला की 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली नोंदणी लागते. 2011 च्या नियमांनी वर्षाला 12 लाखांपर्यंतच्या उलाढालीला साधी नोंदणी आणि वर्षाला 100 रुपये शुल्क ठेवलं होतं. अर्जाच्या दिवशी फॉसकॉस पोर्टलवर, म्हणजे या नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर, चालू मर्यादा आणि शुल्क बघून घ्या. फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा एका फाइलीत ठेवा. त्याच नियमांप्रमाणे 7 दिवसांत नोंदणी, नकार किंवा तपासणीची नोटीस यायला हवी. तपासणी निघाली तर मात्र महिना जाऊ शकतो, म्हणून वसुबारस तोंडावर आल्यावर अर्ज करू नका.

मग स्वयंपाकघर. पिण्याचंच पाणी वापरा, टाकी घासून घ्या, कचऱ्याला झाकणाचा डबा ठेवा, हात धुवायची जागा भांड्यांपासून वेगळी करा. लाडू वळणाऱ्या हातात अंगठी-बांगडी नको. ज्या ताईला जुलाब किंवा ताप आहे तिला त्या दिवशी प्रेमाने घरी पाठवा. चकल्या निथळायला वर्तमानपत्र अंथरायची सवय आपल्या सगळ्यांची आहे, ती याच वर्षी मोडा. शाई तेलात उतरते आणि तेलातून पोटात जाते.

तेलाबद्दल मी हट्टी आहे. तळणीच्या तेलातली ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल पुन्हापुन्हा तापवल्यावर त्यात तयार होणारे खराब घटक, 25 टक्क्यांच्या वर गेली की ते वापरायचं नाही, असा नियम जुलै 2018 पासून लागू आहे. घरी ते मोजायचं यंत्र नसतं, पण कढई सांगते: फेस खाली बसत नाही, रंग काळपट होतो, झाऱ्यावरून धार जड पडते, लवकर धूर येतो. अशा तेलात वरून ताजं ओतून ते वाढवू नका. तेलाचा खर्च आधीच भावात धरा म्हणजे टाकताना हात आखडणार नाही.

आता वही. एका दिवाळीत मला फोन आला, शंकरपाळ्यांना खवट वास येतोय. कोणत्या दिवशीचे, कोणत्या तुपातले, ते आणखी कोणाकोणाकडे गेले, मला काहीच सांगता येईना. त्या रात्री सगळ्या घरांना फोन केले. तेव्हापासून प्रत्येक घाण्याला क्रमांक देते. वहीत तारीख, पदार्थ, घाणा, बेसन-तेल-तुपाच्या पिशवीवरचा बॅच क्रमांक आणि कोणाला किती गेलं, एवढे रकाने आखा. सुटं बेसन घेतलंत तर दुकानदाराकडून बिल मागाच, आणि तो देत नसेल तर दुकान बदला. हाच घाणा क्रमांक लेबलवर बॅच म्हणून छापा. त्यासोबत पदार्थाचं नाव, प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने घटक, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, निव्वळ वजन, बनवल्याची आणि वापरण्याची शेवटची तारीख, नाव-पत्ता आणि 14 अंकी नोंदणी क्रमांक हवा. शेंगदाणे, गहू, दूध असेल तर तेही ठळक लिहा. एखाद्या लेकराला शेंगदाण्याचा कणही चालत नाही, आणि त्याची आई फक्त तुमचं लेबल वाचू शकते.

अन्न सुरक्षा अधिकारी आले तर घाबरू नका, वही पुढे करा. त्यांनी नमुना घेतला तर त्याचे चार भाग होतात. त्यातला चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा अशी मागणी तुम्हाला करता येते, फक्त तो खर्च आपला. नमुना तपासणाऱ्या अन्न विश्लेषकाच्या अहवालावर 30 दिवसांत अपीलही करता येतं. ही मुदत वहीच्या मलपृष्ठावर लिहून ठेवा.

शेवटी एक रिकामा डबा धुऊन कोरडा करा. प्रत्येक घाण्यातला एक पुडा त्यात टाका आणि लेबलवरची शेवटची तारीख उलटेपर्यंत पाहुण्यांसाठीही तो उघडू नका. पुन्हा तसा फोन आला तर आधी त्याच घाण्याचा पुडा फोडून स्वतः चाखा.