खाली घेतलेली स्विफ्ट आणि आतून झिजणारे टायर

हौसेने स्विफ्ट 35 मिमी खाली घेतली आणि चारच महिन्यांत पुढचे टायर आतल्या कडेने तारेपर्यंत झिजले. बाहेरून बघाल तर नवेकोरे! अलाइनमेंटवाल्याने फक्त टो (वरून बघितल्यावर चाकं आत किंवा बाहेर किती वळलीत ते) जुळवला आणि ‘झालं दादा’ म्हणाला. पण गाडी खाली बसली की चाकाचा वरचा भाग आत झुकतो, म्हणजे कॅम्बर (चाकाचा उभा कल) निगेटिव्ह होतो, भार आतल्या कडेवर येतो, आणि स्विफ्टला कंपनीकडून कॅम्बर बदलायची सोयच नाही. शेवटी पुण्याच्या नाना पेठेतून कॅम्बर बोल्ट (फिरवून हा कल बदलता येतो असे) आणले आणि स्ट्रट (शॉकअप) व नकल (चाकाचा हब धरणारा भाग) यांच्या जोडावर बसवले. स्टिअरिंग सरळ लॉक करून आधी कॅम्बर, मगच टाय रॉडवरून (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा) टो. उलटं केलंत तर कॅम्बर फिरवताना टो पुन्हा हलतो, पैसे दोनदा.

नव्या अलॉयची कथा वेगळी. 4×100 (100 मिमीच्या वर्तुळावर चार बोल्ट) जुळलं म्हणून मी खूश, पण अलॉयचं मधलं भोक 73.1 मिमी आणि गाडीचा हब (त्या भोकात बसणारा भाग) 54.1. कात्रज बायपासला ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरायचं. दोनदा बॅलन्सिंग केलं, फुकट. मधली फट भरणाऱ्या हब रिंग घातल्या आणि थरथर थांबली.

अलॉयची रुंदी तीच, पण ऑफसेट (चाकाच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या भागापर्यंतचं अंतर) 45 मिमीऐवजी 38, म्हणजे चाक 7 मिमी बाहेर. मागे तिघे बसले की स्पीडब्रेकरवर फेंडरला अजून घासतं. घरच्यांना म्हटलंय, रिक्षा करा.