ब्रेन हॅमरेज आणि रक्त पातळ करायची गोळी: या चुका टाळा

आपल्या सोलापुरात कुणाचं तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, की घरातलं कुणीतरी म्हणतंच, ॲस्पिरिन द्या, रक्त पातळ होईल. कृपा करून देऊ नका. हा सल्ला हार्ट ॲटॅकचा आहे. लकवा नस ब्लॉक होऊनही येतो आणि नस फुटूनही येतो (हेच ब्रेन हॅमरेज), आणि नुसतं बघून कोणता ते डॉक्टरलाही खात्रीनं सांगता येत नाही, सीटी स्कॅनच लागतो. नस फुटलेली असेल तर ती गोळी रक्त थांबायच्या आड येते. १०८ ला फोन करा, तोंडात काही घालू नका, पाणीसुद्धा नाही, आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा.

दुसऱ्या चुकीची मला जास्त काळजी वाटते. अक्कलकोट, मंगळवेढ्याहून पेशंट घेऊन येतात आणि सांगतात, बीपीची चालू आहे, एक बारीक गोळी हार्टची पण आहे. नाव विचारलं तर माहीत नाही, कारण मेडिकलमधून पट्टी कापून आणलेली आणि नावाचा तुकडा तिकडंच राहिला. रक्त पातळ करायच्या ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल या गोळ्या एकदा प्लेटलेटवर (रक्त थांबवणाऱ्या पेशींवर) बसल्या की ती प्लेटलेट असेपर्यंत, म्हणजे ७ ते १० दिवस, ती नीट चिकटत नाही, त्यामुळं "परवापासून बंदच आहे" असं असलं तरी सांगायचंच. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या सगळ्या पट्ट्यांचे फोटो आजच मोबाईलमध्ये काढून ठेवा.

यातच कॉम्बिनेशनची भानगड असते. हॅमरेजनंतर डॉक्टर ॲस्पिरिन बंद करतात, घरचे इकोस्प्रिन (ॲस्पिरिनचाच एक ब्रँड) बाजूला काढतात, पण कोलेस्टेरॉलची म्हणून जी कॅप्सूल चालू असते तिच्यातच ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही असू शकतात. डोकं दुखलं म्हणून घेतलेली डिस्प्रिनसुद्धा ॲस्पिरिनच, आणि गुडघ्यासाठी न विचारता आणलेली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकही रक्तस्त्रावाचा धोका वाढवते. डिस्चार्जच्या कागदावर काय बंद ते घटकाच्या नावानं लिहून घ्या.

"प्लेटलेट चढवा ना" असा हट्टही नको. डेंग्यूमुळं आपल्याला ते माहीत झालंय, पण २०१६ साली आलेल्या पॅच या अभ्यासात अशा गोळ्या चालू असताना हॅमरेज झालेल्या १९० पेशंटमध्ये ज्यांना प्लेटलेट दिल्या त्यांची अवस्था उलट जास्त वाईट झाली. मेंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर गोष्ट वेगळी, ते सर्जन बघतील.

आता गोळी परत कधी सुरू करायची. काहीजण घरी आल्यावर स्वतःच सुरू करतात, काहीजण घाबरून कायमची सोडतात, दोन्ही चूक. २०१९ च्या रिस्टार्ट अभ्यासात ५३७ पेशंट होते, त्यात गोळी परत सुरू केलेल्यांमध्ये पुन्हा हॅमरेज वाढलेलं दिसलं नाही, पण त्यातले बरेचजण हॅमरेजला दोनेक महिने उलटून गेल्यावर यात आले होते, लगेच नाही. हार्टच्या नसेत नवीन स्टेंट (नस उघडी ठेवणारी जाळी) असेल तर गोळी बंद ठेवण्यातही स्टेंट ब्लॉक व्हायचा धोका असतो म्हणून न्यूरो आणि हार्टच्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला सांगा, संकोच करू नका.

बीपीची गोळी मात्र "आता नॉर्मल आलंय" म्हणून सोडायची नाही, ते नॉर्मल गोळीमुळंच आलेलं असतं. आणि रक्त पातळ करायची परत सुरू झाल्यावर अचानक जोरात डोकं दुखलं, उलटी झाली, बोलणं अडखळलं किंवा संडास काळी झाली तर सकाळची वाट न बघता रात्रीच दवाखाना गाठा.