पाहण्या-वाचण्याची रोजकीर्द

कराडमधल्या एका पतसंस्थेत मी 26 वर्षं हिशेब लिहिते आहे. गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी मुलीने फोनवर सहज विचारलं, "आई, आज दिवसभरात काय वाचलंस, काय पाहिलंस?" मला एकही गोष्ट धड सांगता आली नाही. दिवसभर डोळ्यांसमोर काही ना काही होतं, एवढं नक्की. पतसंस्थेत दहा रुपये जुळले नाहीत तर आम्ही घरी जात नाही, आणि इथे तासांचे तास कुठे गेले याचा पत्ता नव्हता. मग पैशाला लावते तीच पद्धत मी वेळेला लावली: आधी रोजकीर्द, म्हणजे घडेल तशी रोजची नोंद; मग खतावणी, म्हणजे ती नोंद आपापल्या खात्यावर टाकणं; शेवटी ताळेबंद, म्हणजे सगळ्या खात्यांचा एकत्र हिशेब. तुम्हाला करून पाहायची असेल तर अशी करा.

शंभर पानी साधी वही घ्या आणि पेन तिला दोरीने बांधून टाका. नोंद फोनमध्ये करू नका. नोंद करायला फोन उघडला की दुसरंच काहीतरी समोर येतं आणि नोंद राहून जाते. सात दिवस ठरवा. त्यात एक रविवार असू द्या, कारण रविवारचा दिवस वेगळाच जातो. लग्नकार्याचा किंवा गणपतीचा आठवडा नको.

पानावर सहा रकाने आखा. किती वाजता घेतलं. किती वाजता ठेवलं. कुठे बसून. कशासाठी घेतलं. प्रत्यक्षात काय पाहिलं. ठेवताना कसं वाटलं. फोन, टीव्ही, पेपर, रेडिओ, शेजारणीने तिच्या फोनवर दाखवलेला व्हिडिओ, सगळं लिहायचं. एका वेळेला एक ओळ पुरे. लिहायचं मात्र लगेच, रात्री आठवून नाही. आठवून लिहिलेल्या किर्दीत माणूस नकळत आपल्या सोयीचं लिहितो, हे मी इतक्या वर्षांत पुष्कळ पाहिलं आहे.

यातले 'कशासाठी घेतलं' आणि 'काय पाहिलं' हे दोन रकाने शेजारी-शेजारीच ठेवा. माझ्या पहिल्या मंगळवारची नोंद अशी आहे: "6.10. अंथरुणात. गजर बंद करायला. पाहिलं: ग्रुपवरची शुभ सकाळ, एक अपघात, कुणाचं तरी नवं स्वयंपाकघर, सोन्याचा भाव. 6.35 ला ठेवला. डोकं जड." गजर बंद करायला दोन सेकंद लागतात, माझी पंचवीस मिनिटं गेली. असंच बुधवारी, असंच गुरुवारी. चौथ्या दिवशी मी बाजारातून गजराचं घड्याळ आणलं नाही, मुद्दाम आणलं नाही. आठवडा संपेपर्यंत एकही सवय बदलायची नाही, हा नियम पाळा. हिशेब तपासताना आपण पेटीतली रक्कम हलवत नाही. घड्याळ आणलं ते सोमवारी, आणि तेव्हापासून रात्री फोन बाहेरच्या खोलीत असतो.

मुलगी म्हणाली, "अगं, फोनच सांगतो की सगळं." सांगतो, खरं आहे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये डिजिटल वेलबीइंग आहे, आयफोनमध्ये स्क्रीन टाइम आहे. कोणत्या अ‍ॅपवर किती वेळ गेला, फोन किती वेळा हातात घेतला, किती नोटिफिकेशन आली, हे तिथे दिसतं. पण ते आकडे आठवड्याच्या शेवटीच पाहा आणि आपल्या वहीशी ताडून घ्या, जसं आपण बँकेचं स्टेटमेंट आपल्या खात्याशी ताडतो. फोनला मिनिटं कळतात. मी तो कशासाठी उचलला होता, हे त्याला कळत नाही. माझ्या वहीत फोनचे एकंदर तीन तास कमी भरले. ते सगळे अशा वेळचे होते, जेव्हा फोन हातात आला हेच मला जाणवलं नव्हतं.

आता खतावणी. आठव्या दिवशी दुपारी दोन तास मोकळे काढा आणि प्रत्येक ओळ एकेका खात्यावर टाका. माझी शेवटी सहा खाती झाली: काम, माणसं, माहिती, करमणूक, सोबत आणि उचंत. ज्या रकमेचा धनी लागत नाही ती आम्ही तात्पुरती उचंत खात्याला टाकतो. जे पाहिलं ते आठवतच नाही, अशी सगळी मिनिटं मी तिथे टाकली. आठवड्याची एकूण बेरीज 34 तास आली. त्यात उचंत 8 तास, म्हणजे पतसंस्थेतला एक अख्खा दिवस.

कामाच्या आणि करमणुकीच्या खात्यांवर फार वेळ घालवू नका. ठरवून पाहिलेला सिनेमा, ह्यांची क्रिकेटची मॅच, यात तपासण्यासारखं काही नसतं. थांबायचं आहे ते माहितीच्या खात्यावर.

माझं माहितीचं खातं 4 तासांचं निघालं. ते पाहून आधी बरं वाटलं. मग मी प्रत्येक नोंदीसमोर पावती मागितली, म्हणजे ही गोष्ट मुळात कुणी सांगितली, कोणत्या दिवशी, कोणत्या गावची. पावतीशिवाय खर्च मंजूर होत नाही, तसंच. निम्म्याहून जास्त नोंदींना पावती नव्हती. औषधं, भूकंप, बँका बुडणार असल्याचे निरोप, सगळे कुणीतरी कुणाकडून तरी पुढे पाठवलेले.

इथे मला एक जुनी गोष्ट लिहायलाच हवी. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच माणसांना ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या दिवसांत फोनांवरून फिरत होती. ती माणसं मंगळवेढ्याकडची होती, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी. तसाच एक निरोप त्याआधी आमच्या ग्रुपवरही आला होता. माझी मुलगी तेव्हा शाळेत होती. मी घाबरले आणि न तपासता तो दोन ग्रुपवर पाठवला. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मी पाठवलेला निरोप कुठवर गेला हे मला कधीच कळणार नाही. म्हणून माझ्या वहीत एक सातवा रकाना आहे: 'पुढे पाठवलं का?' तुम्हीही तो आखा. निरोपावर दोन बाणांची खूण दिसली तर तो पुष्कळ हातांतून आला आहे असं समजा आणि मूळ सापडेपर्यंत तो आपल्यापाशीच थांबवा.

माहिती कोणत्या रूपात येते, तेही वहीत दिसतं. सासूबाई रोज सकाळी 7 वाजून 10 मिनिटांनी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरच्या प्रादेशिक बातम्या ऐकतात. दहा मिनिटांत बातम्या संपतात, त्या रेडिओ बंद करतात आणि देवपूजेला बसतात. पेपरलाही शेवटचं पान असतं. रील्सना ते नाही. खाली सरकवत गेलं की पुढचं आपोआप येत राहतं अशी रचना 2006 मध्ये एझा रास्किन या अमेरिकन डिझायनरने तयार केली, आणि पुढे त्याने तिच्याबद्दल उघडपणे पश्चात्ताप व्यक्त केला. माझ्या उचंत खात्यातल्या नोंदींवर मी लाल पेनने खुणा केल्या, तेव्हा जवळजवळ सगळ्या या न संपणाऱ्या पडद्याच्या निघाल्या. तुमच्याही वहीत 'संपणारं' आणि 'न संपणारं' अशा दोन रंगांच्या खुणा करून पाहा.

सोबतीचं खातं मी आधी उघडलंच नव्हतं. संध्याकाळी 7 ते 8.15 टीव्ही चालू, हे मी करमणुकीत टाकत होते. पण 'कुठे बसून' या रकान्यात रोज एकच शब्द होता: ओट्यापाशी. ओट्यापासून आमचा टीव्ही दिसत नाही. मालिकेत काय चाललं आहे हे मला ठाऊक नव्हतं, पात्रांची नावंही नव्हती. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून त्या वेळी स्वयंपाकघरात बोलायला कुणी नसतं, ह्यांचं परतणं साडेआठचं. मी भाकरी थापत होते आणि घरात माणसांचा आवाज हवा म्हणून टीव्ही लावत होते. ती ओळ खतावताना मला रडू आलं.

म्हणून सांगते, सोबतीच्या खात्यावर घाईने काट मारू नका. ज्या घरात एकटं माणूस आहे, आजारी माणूस आहे, तिथे हे खातं मोठंच असणार आणि त्यात काही चूक नाही. फक्त त्याला त्याच्या नावाने लिहा. मी आता मंगळवारी आणि शुक्रवारी त्या वेळेला मुलीला फोन लावून स्पीकरवर ठेवते. ती तिकडे तिची भाजी चिरते. इतर दिवशी सासूबाईंची खुर्ची ओट्याजवळ आणते, त्या मला पेपरातलं वाचून दाखवतात. कधी टीव्हीही लावते.

ताळेबंद एका पानाचा करा. प्रत्येक खात्यासमोर तीनच शब्दांपैकी एक लिहा: राहू दे, कमी, वाढव. एका वेळी एकाच खात्याला हात लावा. आणि दुसऱ्याची वही तुम्ही लिहू नका. नवऱ्याचा फोन, मुलांचा फोन, त्यांनी आपणहून वही मागितली तर द्या. ह्यांनी दोन महिन्यांनी मागितली.

मी ही किर्द वर्षातून चारदा लिहायची ठरवली आहे, तिमाही हिशेबासारखी. दुसऱ्या वेळी एकूण 27 तास भरले. उचंतला अजून 3 तास 10 मिनिटं शिल्लक दिसतात, बहुतेक रात्री दहानंतरची, सगळे झोपल्यावरची. त्यांचा धनी मला लागलेला नाही. पुढच्या वहीत त्या वेळेपुरता एक रकाना वाढवते आहे: 'फोन घेण्याआधी मनात काय चाललं होतं?'