सांगलीत लॅन टुर्नामेंट भरवायची असेल तर पौष महिना धरा

सांगली-मिरजेत टेनिस बॉल क्रिकेट, कबड्डी, कुस्तीची मैदानं भरवणारी मंडळं गल्लोगल्ली आहेत, पण पाच-पाचच्या टीम पीसीवर समोरासमोर बसून खेळतील अशी लॅन टुर्नामेंट, म्हणजे एकाच हॉलमध्ये केबलने जोडलेल्या पीसींवर व्हिडिओ गेमची स्पर्धा, घ्यायची म्हटलं की प्रत्येक जण पहिल्यांदा विचारतो, नेट किती स्पीडचं लागेल? नेटचं शेवटी बघू. पहिला प्रश्न लाइटचा आणि दुसरा वेळेचा, हे दोन कागदावर बसले की बाकीचं जमतं. एवढं जोर देऊन सांगायचं कारण म्हणजे जत, आटपाडीची पोरं पहाटेची एसटी धरून येतात, महिनाभर प्रॅक्टिस केलेली असते, आणि बोर्ड जळला किंवा शेड्यूल कोलमडलं म्हणून त्यांची मॅच गेली तर तो त्यांच्यावर अन्याय आहे, पुढच्या वेळी ती येणारच नाहीत.

जागेसाठी मंगल कार्यालय बघा. पौषात म्हणजे साधारण डिसेंबरअखेर ते जानेवारीत लग्नं नसतात, कार्यालयं मोकळी असतात, भाड्यात घासाघीस करता येते. थ्री फेज कनेक्शन, टेबल-खुर्च्या, स्वयंपाकघर, टॉयलेट आणि बऱ्याच ठिकाणी जनरेटरसुद्धा, सगळं एकाच जागी मिळतं. कॅलेंडरवर पौष कधी पडतोय ते बघून तारीख काढा आणि कॉलेजच्या परीक्षा टाळा. थंडीचा पण मोठा फायदा आहे, वीस पीसी जेवढी वीज खातात ती सगळी शेवटी उष्णता होऊन हॉलमध्येच राहते, मे महिन्यात असल्या हॉलमध्ये दुपारी पोरं पण तापतात आणि मशिन पण. जुलै-ऑगस्टचं तर नावच काढू नका, २००५, २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं ते सगळ्यांनी बघितलंय. जानेवारीत एकच अडचण, उसाचा सीझन असतो, ईश्वरपूर (इस्लामपूर)-पलूसकडून येणाऱ्यांना रस्त्यात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागतात, त्यांना तासभर आधी निघायला सांगा.

गेम निवडताना एवढंच बघा की सर्व्हर, म्हणजे सगळे पीसी ज्याला जोडून मॅच खेळतात तो कॉम्प्युटर, आपल्या हॉलमध्ये ठेवता येतो का. व्हॅलोरंट पोरांना आवडतो पण त्याचा सर्व्हर कंपनीचा, आपल्याला लॅनवर लावता येत नाही, म्हणजे नेट गेलं की स्पर्धा थांबली. मोबाइलवरच्या बीजीएमआयचं पण तेच. माझं मत विचाराल तर पहिल्या वेळी काउंटर स्ट्राइक १.६ घ्या, पाच विरुद्ध पाच बंदुकांचा २००३ चा गेम आहे पण कॉलेज लॅबच्या जुन्या पीसीवर सुद्धा मस्त पळतो, सर्व्हर एका साध्या लॅपटॉपवर चालतो आणि बघणाऱ्याला पण काय चाललंय ते लगेच कळतं. सगळ्या पीसीवर स्टीमचीच (पीसी गेम विकत घेऊन उतरवायचं ॲप) ओरिजिनल कॉपी ठेवा, इकडून तिकडून आणलेली व्हर्जन असली की निम्मे पीसी सर्व्हरला जोडलेच जात नाहीत.

मोठा गेम घेणार असाल तर डाउनलोडचा हिशोब आधी करा. ५० जीबीचा गेम १०० एमबीपीएसच्या लाइनवर एका पीसीला तासाच्या वर घेतो, वीस पीसींना अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस जाईल. स्टीममध्ये २०२३ पासून एकाच नेटवर्कवरच्या पीसीवरून गेम कॉपी करायची सोय आहे, एका मशिनवर उतरवून घ्या आणि बाकीच्यांना लॅनवरून द्या, गिगाबिट स्विच (सगळ्या पीसींच्या केबल एकत्र जोडायचा डबा) असेल तर एका पीसीला काही मिनिटांचं काम. विंडोजचे अपडेट पण आठवडाभर पॉज करून ठेवा नाहीतर ऐन मॅचमध्ये एखादा पीसी रीस्टार्ट मारतो.

आता लाइट. मॉनिटर धरून एका गेमिंग पीसीला ३५० वॅट धरा, वीस पीसी म्हणजे ७ किलोवॅट. १६ अँपियरचा एक पॉइंट २३० व्होल्टला जास्तीत जास्त ३६८० वॅट देतो आणि तो काठोकाठ भरायचा नसतो, म्हणून एका पॉइंटवर सहा-सात पीसी, त्याच्या वर नाही. असे तीन पॉइंट पाहिजेत आणि तिन्ही वेगवेगळ्या एमसीबीवर (लोड जास्त झाला की पडणारा स्विच), जमलं तर वेगवेगळ्या फेजवर. एकाच एक्स्टेंशन बोर्डाला दुसरा बोर्ड, त्याला तिसरा असली साखळी करू नका, बारीक वायर गरम होते आणि प्लगपाशी वितळते. आदल्या दिवशी वायरमनला बोलवून प्रत्येक पॉइंटचं अर्थिंग तपासून घ्या, मल्टिमीटरवर फेज आणि अर्थिंगमध्ये २३० च्या आसपास दिसलं पाहिजे आणि न्यूट्रल-अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. अर्थिंग नसलं की कॅबिनेटला हात लावल्यावर बोटाला झिणझिण्या येतात, पोरं दुर्लक्ष करतात, तुम्ही करू नका.

जनरेटर १५ केव्हीएचा बास होतो. पण लाइट गेल्यावर तो चालू होईपर्यंत मधे वेळ जातो आणि तेवढ्यात सगळे पीसी बंद पडतात, म्हणून फायनल सरळ जनरेटरवरच चालू करा, डिझेलचे पैसे जातील ते जाऊ देत. सर्व्हरचा लॅपटॉप, स्विच आणि राउटर दिवसभर यूपीएसवर ठेवा.

नेटवर्कला फार डोकं लागत नाही, हात लागतो. दहा पीसीच्या एका टेबलाला एक १६ पोर्टचा गिगाबिट स्विच, असे दोन, दोन्ही राउटरला जोडायचे. खेळणारा एकही पीसी वायफायवर नको. केबल कॅट ६ घ्या आणि घरी क्रिंप करणार, म्हणजे टोकाला कनेक्टर दाबून बसवणार असाल तर दोन्ही टोकांना रंग एकाच क्रमाने, पांढरा-भगवा, भगवा, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठही तारा कनेक्टरच्या पार टोकाला टेकलेल्या समोरून दिसल्या पाहिजेत आणि वरचं आवरण आत पकडलं गेलं पाहिजे, मगच दाबा. नंतर विंडोजमध्ये लिंक स्पीड बघा, १ जीबीपीएसच्या जागी १०० एमबीपीएस दाखवत असेल तर बहुतेक एखादी तार बसलेली नसते. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना टेप लावून नंबर टाका. नंबर नसला की कुणीतरी मदत करायला म्हणून टेबलाखाली सुटी दिसलेली वायर परत त्याच स्विचमध्ये खोचतो, लूप तयार होतो, डेटा गोल गोल फिरत राहतो, आणि सेकंदात सगळं नेटवर्क आडवं.

सर्व्हरला फिक्स आयपी (नेटवर्कवरचा न बदलणारा पत्ता) द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०, आणि तो कागदावर मोठ्या अक्षरात छापून दोन्ही टेबलांवर चिकटवा. विंडोजमध्ये नेटवर्क प्रायव्हेट करा आणि फायरवॉलमध्ये गेमला परवानगी द्या, सर्व्हर दिसत नाही म्हणून बोंब होते त्यातली बरीचशी इथेच असते. बघायला आलेल्यांच्या मोबाइलला या राउटरचा पासवर्ड देऊ नका.

फॉरमॅटबद्दल मी हट्टी आहे, सरळ नॉकआउट घेऊ नका. विट्याहून आलेली टीम साडेनऊला बसली आणि सव्वादहाला बाहेर, हे बरोबर नाही, प्रत्येक टीमला किमान दोन मॅच मिळाल्याच पाहिजेत. १६ टीमचा मोह पण सोडा, वीस पीसीवर एकावेळी दोनच मॅच होतात. पहिल्या वेळी ८ टीम घ्या, चार-चारचे दोन गट, एका गटाला एक टेबल. गटात आधी दोन मॅच, मग जिंकलेले दोघं एकमेकांशी, त्यातला विजेता थेट सेमीला. हरलेले दोघं एकमेकांशी, त्यातला हरणारा बाहेर. राहिलेल्या दोघांची पाचवी मॅच, जिंकेल तो सेमीला. पहिले १३ राउंड (मॅचमधले छोटे डाव) जिंकणारा विजेता असं धरलं आणि मॅचला एक तास दिला की साडेनऊला सुरू करून अडीचला गट संपतात, तीनला दोन्ही सेमी एकदम, साडेचारला बेस्ट ऑफ थ्री (तीनपैकी दोन मॅच जिंकेल तो) फायनल, साडेसातच्या सुमाराला बक्षीस. गट ठरवताना कॅप्टनांच्या समोर चिठ्ठ्या टाका, फक्त कुस्तीत जोड लावतात तसं तगड्या दोन टीम आधीच वेगवेगळ्या गटात ठेवा.

नियम लिहून आठ दिवस आधी ग्रुपवर टाका. उशीर झाला तर किती मिनिटं थांबणार, १२-१२ झालं तर तीन-तीन राउंडचा ओव्हरटाइम, आणि लाइट गेली तर काय. १.६ मध्ये मॅच मधूनच परत उघडता येत नाही, म्हणून प्रत्येक टेबलाला एक पोरगा फक्त स्कोअर लिहायला बसवा, राउंड संपला की वहीत टाकायचा आणि हाफला दोन्ही कॅप्टनांची सही घ्यायची. लाइट आली की वहीतल्या स्कोअरपासून पुढे, गेममधले पैसे दोन्ही टीमना सारखे. हे आधी लिहिलेलं असलं की भांडण होत नाही. बघणाऱ्यांसाठीचा प्रोजेक्टरचा पडदा खेळणाऱ्यांना दिसणार नाही असा लावा, दिसला की सगळ्यांना एकमेकांची गेममधली जागा कळते.

एंट्री फी हॉल, डिझेल आणि जेवणाच्या खर्चाच्या अंदाजाने ठेवा, बक्षिसाची रक्कम आधी जाहीर करा, आणि बघणाऱ्यांत पैज लावणारा कुणी दिसला तर सरळ बाहेर काढा. २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन मनी गेमवर बंदीचा कायदा केला, त्यात ईस्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा, वेगळे धरलेत, आपण त्या ओळीच्या अलीकडेच राहायचं. ट्रॉफीसाठी गावातले मोबाइल आणि कॉम्प्युटरवाले मदत करतात, त्यांचा बॅनर लावा.

आई-वडिलांना आवर्जून बोलवा. डिसेंबर २०२२ ला केंद्राने ईस्पोर्ट्सला मान्यता देऊन क्रीडा मंत्रालयाकडे दिलं, २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्यात मेडल होती, हे पोस्टरवर लिहा. पण खरा फरक पडतो तो त्यांनी स्वतः हॉलमध्ये बसून पोरं एकमेकांशी बोलत, ठरवून कशी खेळतात ते बघितल्यावर. मुलींची टीम येत असेल तर त्यांची मॅच उशिरापर्यंत रेंगाळू देऊ नका.

भडंग, वडापाव, चहा मागच्या बाजूला, टेबलावर नाही, भडंगाचा तेल-तिखटाचा हात कीबोर्डला लागला की तो दिवसभर चिकट राहतो. बक्षीस त्याच संध्याकाळी रोख किंवा यूपीआयने द्या आणि शेवटच्या एसटीची वेळ माइकवर सांगा. पीसी भाड्याने किंवा लॅबमधून आणले असतील तर मालकाच्या समोर एकेक चालू करून दाखवा, माउस-कीबोर्ड मोजून द्या आणि सही घ्या, पुढच्या पौषात परत त्यांच्याच दारात जायचंय.