मदत नको म्हणणाऱ्या आईवडिलांसाठी माणूस कसा ठेवावा

इंदूरच्या लोकमान्य नगरात किंवा सुदामा नगरात अशी मराठी घरे आहेत, जिथे मुले नोकरीपायी पुण्या-बंगळुरात स्थिरावली आणि ऐंशीच्या घरातले आईवडील दोघेच मागे राहिले. मुलगा दिवाळीला येतो, जिना उतरताना आईचा तोल गेलेला पाहतो, घाईघाईने एक अटेंडंट ठरवून परत जातो आणि पंधरवड्यात त्या बाईला आईने काढून टाकल्याचे त्याला फोनवर कळते. याला हट्ट म्हणणे सोपे आहे. परंतु जिने आयुष्यभर आल्यागेल्याला वाढले, तिच्या ओट्यापाशी कुणा परक्याने तिला न विचारता उभे राहावे, हे तिला सोसत नाही. म्हणून ठेवलेला माणूस मुलाचा नव्हे, तर आईचा म्हणून घरात यायला हवा.

त्याआधी एक तपासणी आवश्यक आहे. कालपर्यंत समजूतदार असलेली व्यक्ती अचानक चिडू लागली, गोंधळू लागली किंवा अंघोळ टाळू लागली, तर लघवीचा संसर्ग, रक्तातील सोडियमची कमतरता, एखाद्या नव्या औषधाचा परिणाम किंवा नैराश्य ही कारणे डॉक्टरांकडून पडताळून घ्यावीत. कानही तपासावेत, कारण नीट ऐकू न आल्यामुळे दिलेला नकार पुष्कळदा स्वभावदोष समजला जातो.

मदतीची सुरुवात शरीरापासून करू नये, कागदांपासून करावी. निवृत्तिवेतन घेणाऱ्या वडिलांना दर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला ठाऊकच असतो; आता तो मोबाइलवर चेहऱ्याची ओळख पटवून घरबसल्या देता येतो किंवा पोस्टमनला घरी बोलावूनही काढता येतो. सत्तरी ओलांडलेल्यांना 2024 पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान योजनेत वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते, त्याचे कार्डही काढून द्यावे. अशा कामांत कुणाची मदत घेतल्याने कमीपणा येत नाही, आणि घरी येणाऱ्या माणसाची सवय आपोआप होते. त्यानंतर बाजारहाट, माळ्यावरची भांडी, पाण्याच्या टाकीचा पंप अशी घरकामे सोपवावीत. अंघोळ आणि कपडे बदलणे सर्वांत शेवटी, कारण तिथे लाज आडवी येते. वडिलांसाठी पुरुष आणि आईसाठी बाईच असावी, हे सांगण्याची गरज नसावी, तरी घाईत तेच विसरले जाते.

माणूस निवडताना दोघांपैकी जे घर चालवते, त्याच व्यक्तीने त्याची विचारपूस करावी, वेळ ठरवावी, महिन्याचा पगार आपल्या हातांनी द्यावा आणि पटले नाही तर त्याला काढण्याचा अधिकारही तिच्याकडेच असावा. पैसे मुलाने पाठवले तरी ते आधी आईच्या हाती द्यावेत. बाई माळवीमिश्रित हिंदी बोलणारी असेल तर इंदुरात त्याची अडचण नसते. अडचण असते ती देवघराच्या आणि सोवळ्याच्या नियमांची, आणि ते आईने स्वतः शिकवलेलेच बरे. सुरुवातीला दिवसातून एकच तास पुरे.

बोलतानाही शब्द जपावे लागतात. ‘आई, तुला आता झेपत नाही’ हे वाक्य खरे असले तरी त्याने दार बंद होते. ‘आई, मला तिकडे रात्री झोप लागत नाही, माझ्यासाठी एक महिना करून बघ’ हेही तितकेच खरे आहे, आणि इथे आई देणारी राहते. खोटे मात्र बोलू नये. अटेंडंटला ‘मित्राची मावशी’ म्हणून घरात आणलेले उघडकीला आले की पुढच्या खऱ्या बोलण्यावरही विश्वास उरत नाही. न्हाणीघरातला आधाराचा दांडा, रात्रीचा दिवा आणि न घसरणारी पायपुसणी यांसाठी मनधरणी कशाला? घरातल्या सर्वांसाठी म्हणून ते बसवून टाकावे.

गॅस उघडा राहणे, औषध दोनदा घेतले जाणे किंवा पडून डोक्याला मार लागणे घडले, तर मात्र संमतीची वाट पाहत बसू नये. स्मृतिभ्रंशाचे निदान झाले असेल तर वाद घालण्यातही अर्थ नसतो. तिथे विषय बदलून, थोड्या वेळाने पुन्हा तेच काम करून घ्यावे. घरात कुणाशी बोलावे हेच सुचत नसेल, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 14567 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर चौकशी करता येते.

माणूस रुळल्यावर मुले एक चूक हमखास करतात. रोज फोनवर पहिला प्रश्न ‘बाई आली होती का?’ असा असतो. ती हजेरी आईने घ्यायची आहे.